तुझ्या नकाशातले ‘हे’

दहाव्याला गंगेवर कावळा लगेच शिवला. पान ठेवून मी दोन पावलं मागं सरतो न सरतो तोच. सगळे म्हणाले, बाई तृप्त गेली, मागं काही राहिलं नाही. मी मान हलवली, पण मला ते पटलं नाही अन् अजून पटत नाही. आपलं भांडण अर्धं असताना तू तृप्त कशी जाशील? सात वर्षांचं भांडण. तू गेलीस म्हणून ते मी जिंकलो असं होत नाही. उलट आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतंय.

तुझ्या अभ्यासकेंद्रावरच्या बाई भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या अंकात त्यांच्यावर दोन पानं छापू, संजूला लिहायला सांगा. मी म्हटलं, लेकाला कशाला, मी लिहितो. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. चौथी पास माणूस काय लिहिणार, असं त्यांच्या तोंडावर होतं, पण बोलल्या नाहीत. तर हे मी लिहितोय. चुका असतील त्या असू दे. तू कुठली, कुणाची, कधी आलीस ते लिहीत नाही, ते तुला माहीत आहे. विहिरीचं तेवढं लिहितो.

तू शिकायचं काढलंस तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होतीस. गावात एसटीडीचं बूथ नुकतं झालं होतं. त्याच्या भिंतीला कागद डकवला होता, शाळा सुटलेल्यांनी घरी बसून शिका, वयाची अट नाही. अक्षराला अक्षर जोडत तू तो वाचलास अन् मळ्यात येऊन म्हणालीस, "अहो, मी नाव घालतेय."

"कुठं?"

"शिकायला. पुस्तकं तेच देतात. घरी वाचायची, रविवारी फक्त जायचं."

"या वयात? अन् गुलाबं कोण बांधील?"

"गुलाबं बांधायला हात लागतात. डोकं रिकामंच असतं तेवढा वेळ."

पुस्तकं आली. जाडजूड. फुलांच्या शेडमध्ये क्रेटला टेकून पुस्तक उघडं ठेवायचीस अन् जुड्या बांधता बांधता मोठ्यानं वाचायचीस. एक धडा तीन तीन वेळा. मग मी मुद्दाम विचारायचो, काय लिहिलं होतं गं त्यात? तू पुस्तकाकडं बघायचीस, माझ्याकडं बघायचीस.

"वाचलं तर सगळं. राहिलं कायच नाय."

"चाळणीत पाणी," मी म्हणायचो अन् हसायचो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. घरात एकटा चौथी पास मी. संजू तेवढा पुढं शिकलेला, पण तो माझाच मुलगा.

शाळेतल्या पोराचं बरं असतं. अडलं की हात वर करायचा, मास्तर येतो. घरी बसून शिकणाऱ्यानं हात वर केला तर समोर कोण? समोर मी. एकदा तू पुस्तक गवतावर आपटलंस अन् दिवसभर त्याला हात लावला नाहीस. मला वाटलं, सुटलो.

पण रविवारी पुन्हा निघालीस. एमएटी गाडीवर मागं बसवून तुला शहरात न्यायचो. वर्ग शाळेच्या इमारतीत भरायचा. आम्ही नवरे बाहेर उंबराखाली. एक देवळाली कॅम्पचा होता, लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. तो म्हणायचा, "दाजी, ह्या पास झाल्या ना, तर आपण सगळे फेल. लिहून ठेवा." आम्ही खूप हसायचो.

त्या रविवारी तू बाहेर आलीस ती चालत नव्हतीस, जवळजवळ पळत होतीस. गाडीवर सगळा रस्ताभर माझ्या कानाशी ओरडून सांगत राहिलीस. बाई म्हणाल्या, ओळी पाठ करू नका. धड्यातनं कामाचे शब्द वेचा, फुलं वेचतो तसे. एकेका शब्दाला गोल काढा. एका गोलातून दुसऱ्याकडं बाण काढा. अन् बाणावर लिहा, हा त्याच्याकडं जातो तो कसा. त्याला संकल्पना-नकाशा म्हणतात.

"कोळ्याचं जाळं म्हण की."

"म्हणा. पण बाणावर शब्द नसला तर बाण मुका. मुक्या बाणाला बाई मार्क देत नायत."

पहिला नकाशा तू कॅलेंडरच्या पाठीवर काढलास. गुलाब, पानं पांढरी करणारी भुरी, थंडी, औषध. भुरी अन् गुलाबाच्या मधल्या बाणावर काय लिहू, म्हणून मला विचारलंस.

"लिहायचं काय त्यात? भुरी, गुलाब. समजतंय की."

"भुरी गुलाबावर येते, का गुलाबाला खाते, का गुलाबात आधीच असते अन् थंडीत दिसते?"

"काय फरक पडतो?"

"औषध कधी मारायचं त्याचा फरक पडतो."

तीस वर्षं भुरी बघत होतो. हे मला कुणी विचारलं नव्हतं अन् मीही मला विचारलं नव्हतं.

तिथून तुझं वाचणं बदललं. धडा वाचायचीस, गोल काढायचीस, मग पुस्तक मिटून बोट नुसतं बाणाबाणावरून नेत सबंध धडा मला सांगायचीस. बोट अडलं की म्हणायचीस, थांबा, इथं मला कळलेलं नाय, अन् तेवढीच ओळ परत वाचायचीस. जुड्या बांधायला येणाऱ्या बायकाही ऐकत बसायच्या. त्यांच्यातल्या दोघींनी पुढच्या वर्षी नावं घातली. मी याचं कधी कौतुक केलं नाही. आज करतो. उशीर झालाय, मला माहीत आहे.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. पुस्तकातला शब्द काढा अन् त्या जागी आपल्या घरातला घाला. पुस्तकात जनावर असेल तर तुमच्या गाईचं नाव लिहा, नदी असेल तर तुमचा ओहोळ लिहा. मग धडा परका राहत नाही.

बाईंना काय माहीत होतं, घरात काय काय असतं ते.

तो धडा पाण्याचा होता. शेतीची औषधं अन् जमिनीतलं पाणी. मी विहिरीच्या थारोळ्यावर बसून पाठीवरचा फवारणीचा पंप धूत होतो. पूर्वी मोटेचं पाणी पडायचं ती ही दगडी जागा, विहिरीला अगदी लागून. सकाळी गुलाबावर मारायचं, दुपारी इथं पंप धुवायचा, डबे विसळायचे. रोजचं होतं ते. तू समोर शेवग्याखाली वही घेऊन बसली होतीस. मधेच माझ्याकडं बघायचीस अन् लिहायचीस. मला वाटलं, झाड काढतेस, दगड काढतेस. मी मान ताठ करून बसलो.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर तू तोंडाला पदर लावून बाहेर आलीस. हसत होतीस, लाजत होतीस, घाबरलेली पण होतीस.

"अहो, बाई म्हणतात नाव लिहा. तुमचं."

"माझं? कशाला?"

तू वही पुढं केलीस. एका गोलात ‘हे’ लिहिलं होतं अन् त्याला बाईंनी लाल शाईनं वेढा दिला होता. बाजूला लिहिलं होतं, ‘हे’ म्हणजे काय? नाम लिहा.

तू लग्नात उखाण्यात एकदा माझं नाव घेतलं होतंस, त्यानंतर नाही. घरात मी म्हणजे अहो, अन् दुसऱ्याशी बोलताना हे. तू तेच लिहिलं होतंस. बाई शहरातल्या, त्यांना वाटलं ‘हे’ म्हणजे ही वस्तू, ते यंत्र, असं काहीतरी. त्यांना व्याकरणातलं नाम पाहिजे होतं. तुला वाटलं नवऱ्याचं नाव मागितलं. ही गोष्ट नंतर सगळ्या वर्गाला कळली अन् वर्ग हसून हसून लोळला म्हणे. बाई अजून सांगतात. मला ती कधीच सांगावीशी वाटली नाही, कारण मी तिथं उंबराखाली उभं राहून तो सबंध नकाशा वाचला होता.

बोट ठेवून वाचला. वर ‘हे’. बाणावर ‘मारतात’. खाली ‘औषध’. बाणावर ‘सांडतं’. ‘थारोळं’. बाणावर ‘मुरतं’. ‘विहीर’. बाणावर ‘पिते’. अन् सगळ्यात खाली शेवटचा गोल, ‘मी’.

देवळालीवाला मागून वाकून बघत होता. "काय दाजी, वहिनींनी काय काढलंय?" मी वही मिटली. मान तापली होती.

घरी आलो. दारात गाडी लावली अन् मी सुरू केलं.

"तू माझ्यावर बाण काढलास."

"तुमच्यावर नाय. तुमच्यापासून निघालाय."

"म्हणजे मी विहीर नासवली?"

"तसं मी लिहिलं नाय. मारतात, सांडतं, मुरतं, पिते. यातला कोणता शब्द खोटा हाय, सांगा. खोडते."

खोटा एकही नव्हता. म्हणून मी तुझ्या हातातला पेन घेतला अन् शेवटचा बाणच खोडला. इतका दाबून की कागद फाटला. "माझ्या आज्यानं खणलीय ही विहीर. आजा प्यायला, बाप प्यायला. ऐंशी ऐंशी वर्षं जगले."

"ते औषध मारत होते का?"

मी भाकर न खाताच मळ्यात निघून गेलो. आपल्याकडं उत्तर नसलं की असंच असतं.

तू नवीन पानावर नकाशा पुन्हा काढलास. ‘हे’च्या जागी ‘शेतकरी’, ‘मी’च्या जागी ‘माणूस’. बाईंनी पूर्ण मार्क दिले. एक शब्द मात्र तू बदलला नाहीस. पुस्तकात कीटकनाशक होतं, तू औषधच ठेवलंस. म्हणालीस, घरात म्हणतो तेच लिहायचं. गुलाबावर मारतो तेही औषध अन् आजारी माणूस घेतो तेही औषध. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

तू फक्त दोन गोष्टी मागितल्यास. पंप दुसरीकडं धुवा, अन् प्यायचं पाणी रस्त्याच्या नळावरून आणू. पहिलीला मी म्हणालो, मळ्याच्या त्या टोकाला पाणी आहे का? दुसरीला म्हणालो, "रस्त्यानं जाणारी माणसं आपल्या विहिरीचं पाणी मागून प्यायची. तिचा मालक हंडा घेऊन नळावर उभा राहणार?"

"मी राहते उभी."

"तू राहिलीस काय अन् मी राहिलो काय."

तू पुन्हा विषय काढला नाहीस. विहिरीचंच पीत राहिलीस. एकदा तुझ्या भावानं सहज विचारलं, ताई, तुमचं पाणी जरा वेगळं लागतंय का गं? तू म्हणालीस, "हे पितात तेच मी पिते." मी ते ऐकलं अन् मला अभिमान वाटला. काय माणूस होतो मी.

त्यानंतर एकेक होत गेलं. मी ते वेगवेगळं बघितलं, एकाला दुसरं जोडलं नाही. कुंभमेळ्याच्या पुढच्या साली पावसाळा सरला तरी विहिरीतले बेडूक ओरडले नाहीत. मी म्हणालो, यंदा पाऊस कमी. मग गाईचं वासरू पाय ओढायला लागलं अन् गेलं. मी म्हणालो, खोड होती त्याला जन्मापासून. मग एका सकाळी पाण्यात सोडलेले मासे पोट वर करून तरंगताना दिसले. तू गुलाबाच्या तोडणीला गेली होतीस. मी ते सगळे पाटीत काढले अन् बांधाला खड्डा करून पुरले. तू परत आलीस, आत वाकून बघितलंस अन् जुड्या बांधायला गेलीस. मी मनात म्हटलं, बरं झालं, तिच्या लक्षात आलं नाही.

मी थारोळं बदललं नाही. का बदललं नाही ते आज मला विचारशील तर सांगतो. बदललं असतं तर तुझा नकाशा खरा ठरला असता. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

गेल्या वर्षी तुझे पाय सुजले. आधी वाटलं, उभं राहून. मग तोंड सुजलं. दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडं गेली. तू डॉक्टरला विचारलंस, कशानं झालं? तो म्हणाला, पुष्कळ कारणं असतात, आता कशानं ते सांगता यायचं नाही.

सांगता यायचं नाही! हे तीन शब्द मी मुठीत घट्ट धरले. बाहेर बाकावर तुला म्हणालो, "ऐकलंस ना? सांगता येत नाय."

"ऐकलं," म्हणालीस. एवढंच. त्या दिवशी मी आपलं भांडण जिंकलो होतो. जिंकून तुला पाणी द्यायला उठलो तर घरून आणलेली बाटली होती, विहिरीची. ती मी तुझ्या हातात दिली. तू प्यालीस.

नंतर खाटेवर पडल्या पडल्या तू केसपेपरच्या पाठीवर दोन गोल काढलेस. एकात ‘विहीर’, एकात ‘आजार’. मधे बाण. डॉक्टर फेरीला आला तेव्हा कागद त्याच्यापुढं धरून म्हणालीस, "साहेब, याच्यावर कोणता शब्द लिहू?" तो पोरसवदा होता. मला वाटलं हसेल. त्यानं कागद हातात घेतला, बाणावर बोट ठेवलं अन् म्हणाला, "आजी, मला खरंच माहीत नाही." तू बाण तसाच ठेवलास. मुका. मी इतकी वर्षं म्हणत आलो की बाणावर शब्द लागत नाही, अन् त्या दिवशी मला वाटत होतं की कुणीतरी येऊन त्यावर काहीही लिहावं. ‘आणते’ लिहावं, ‘आणत नाही’ लिहावं, पण लिहावं.

शेवटच्या आठवड्यात मी रोज ठरवून यायचो. आज तिला विचारायचं. तुला काय वाटतं, माझ्यामुळं झालं का? तू सुनेच्या जेवणाचं बोलायचीस, मनीषाला आंबट पाहिजे असतं, तिला चिंच देत जा. संजूचा राग. शेवग्याला किडा. माझी वाट बघून झाली, तू ‘मी म्हणत होते’ असं म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी भांडलो असतो. तू मला तेवढंही दिलं नाहीस.

तुझी वही मी बाराव्या दिवशी उघडली. उघडणार नव्हतो. बाई म्हणाल्या होत्या, त्यांचा एखादा नकाशा अंकात छापू, शोधून ठेवा. फाटलेलं पान लगेच सापडलं. आधी माझी खोडाखोड दिसली. मग कळलं, पान तसं राहिलेलं नाही. तू त्यात भर घालत गेली होतीस, वेगवेगळ्या शाईनं, वर्षं वर्षं सोडून. विहिरीपासून एक बाण ‘बेडूक’ला, त्यावर ‘गप्प करते’. एक ‘वासरू’ला. एक ‘मासे’ला, त्यावर ‘तरंगवते’, अन् त्याच्याखाली बारीक अक्षरात, ह्यांनी पुरले.

तुला माहीत होतं.

अन् पानाच्या अगदी कडेला, थरथरत्या हाताचा, म्हणजे आजारपणातलाच, एक गोल. ‘मनीषा’. विहिरीपासून तिच्याकडं बाण, त्यावर ‘पिते’. अन् मनीषाच्या गोलातून पुढं आणखी एक बाण, आणखी एक गोल. त्यात काहीच लिहिलेलं नाही.

सून सातव्या महिन्यात आहे. मी वही घेऊन ओट्यावर उभा होतो अन् ती समोर विहिरीच्या नळीखाली कळशी धरून उभी होती.

त्या संध्याकाळी मी बोललो नाही. तोंड उघडायचो अन् मिटायचो. सात वर्षांची सवय.

तेराव्याला सकाळी आचारी आले. मोटर चालू झाली, मोठी पातेली भरायला लागली. भात, आमटी, चहा, सगळ्याला तेच पाणी. शंभर पान होतं. मी चालत गेलो अन् मोटर बंद केली. आचाऱ्यानं चालू केली. मी परत बंद केली अन् स्टार्टरपुढंच उभा राहिलो.

तुझा भाऊ नामदेव धावत आला. "दाजी, काय झालं? पाणी का तोडलं?"

"हे पाणी वापरायचं नाय. ओता ते."

"का?"

माणसं गोळा झाली. संजू आला, "आण्णा, लोक यायला लागलेत, काय चालवलंय हे?" भाऊबंदातली म्हातारी पुढं आली, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं अन् हळूच म्हणाली, "बाई दिसली का रे तुला विहिरीत? स्वप्नात आली का? जीव अडकला असंल तिचा." दोघी बायका विहिरीपासून मागं सरकल्या.

खरं सांगतो, मला वाट मिळाली होती. नुसती मान हलवायची होती. बाई विहिरीत दिसते म्हटलं की कुणी काही विचारलं नसतं, त्या पाण्याला कुणी परत हात लावला नसता, मनीषा वाचली असती, अन् मी होतो तसा ताठ राहिलो असतो. तुझ्या नावानं विहीर बंद झाली असती. तू भूत झाली असतीस अन् मी मालकच राहिलो असतो. मान हलायला आलीच होती.

"नाय," मी म्हणालो. "तिचा काही संबंध नाय. मी इथं औषधाचे पंप धुतलेत. डबे विसळलेत. वीस वर्षं. ती मला सांगत होती."

नामदेवच्या हातात बादली होती, ती त्यानं खाली ठेवली.

"ताईला माहीत होतं?"

"होतं."

"अन् तुम्हाला?"

"तिनं लिहून दाखवलं होतं."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पायात चपला घातल्या अन् तो गेला. सख्खा भाऊ, तुझ्या तेराव्याला न जेवता गेला. त्याला कुणी अडवलं नाही, मीही नाही. टँकर मागवला. पंगत उशिरा बसली. जेवताना लोक नेहमीसारखं बोलत होते, पण पाणी वाढणारा आला की पेल्यात वाकून बघत होते.

सगळे गेल्यावर मनीषा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती बारावी झालेली, तिला मी उलगडून काय सांगणार.

"मामा, मी या घरात आले तेव्हापासून तेच पितेय."

"माहितेय."

"मग याचं काय?" तिनं पोटावर हात ठेवला नव्हता, काही केलं नव्हतं. नुसतं विचारलं.

"डॉक्टरला विचारू."

"डॉक्टर काय सांगतील ते तुम्हाला माहितेय," ती म्हणाली अन् आत गेली.

डॉक्टरकडं जाऊन आलो. कोणतं औषध, किती वर्षं, कुठं धुतलं, सगळं मी माझ्या तोंडानं सांगितलं. संजू बाजूला मान खाली घालून बसला होता. गेली चार वर्षं फवारणी तोच करतो अन् पंप कुठं धुवायचा ते त्याला मीच शिकवलंय. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. आत्ता सगळं ठीक दिसतंय म्हणाल्या. आत्ता, म्हणाल्या. विहिरीच्या पाण्याची बाटली तपासायला दिलीय, तिचा कागद अजून यायचाय.

तुला म्हणून सांगतो, मी अजून विहिरीचंच पितो. लपून. हट्ट म्हण, दुसरं काही म्हण. त्याला कोणता शब्द लावायचा ते मला ठरवता येत नाही.

मनीषाचं पाणी मात्र मीच आणतो. रोज सकाळी रस्त्याच्या नळावर रांगेत उभा राहतो, बायकांच्या मधे, हंडा घेऊन. पहिल्या दिवशी त्या हसल्या, आता जागा देतात. आणून, गाळून, तिच्या माठात ओततो. अजून दोन महिने आहेत. ती तांब्या भरून घेते, तोंडाशी नेते, थांबते. आधी माझ्याकडं बघते, मग पिते.